रविवारचे रंग : सावलीचा रंग कोणता?



सावलीचा रंग कोणता असं विचारलं, तर आपल्यातले बहुतेक जण डोळे मिटून 'काळा' म्हणतील. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल, आपल्याकडे रंग हा वस्तूला चिकटलेला असायचा. आकाश निळं, पान हिरवं, खोड तपकिरी, कौलं लाल, आणि या सगळ्यांची सावली म्हणजे तोच रंग अधिक चमचाभर काळा. इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं तैलरंगात निसर्गचित्र शिकायला गेलं की पहिल्याच दिवशी हातातून काय काढून घेतात, तर ती काळ्याची ट्यूब. बॉस्टनजवळच्या ज्या शनिवारच्या वर्गाला मी जातो, तिथल्या सामानाच्या यादीत काळा रंगच नाही. (रन्वार शेवटपर्यंत काळा वापरत असे, हे आमच्या बाईंना माहीत आहे, पण तो विषय काढलेला त्यांना आवडत नाही.)

काळा काढून घेण्यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. निरभ्र दिवशी उन्हातल्या भागावर सूर्याचा पिवळसर प्रकाश पडतो. सावलीत सूर्य पोचत नाही, पण आकाश पोचतं. वर एवढा मोठा निळा घुमट सगळीकडून प्रकाश टाकतच असतो. म्हणजे सावलीतही दिवा लावलेला आहे, फक्त तो दिवा वेगळा, मंद आणि निळा. त्यात भर म्हणून शेजारच्या वस्तूंवरून उसळून आलेला प्रकाश. हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवी झाक असते. कोकणात जांभ्याच्या गडग्याशेजारी चुन्यानं रंगवलेली भिंत असेल, तर तिच्या सावलीच्या भागात तळाशी चक्क केशरी असतो आणि वर जाता जाता तो जांभळा, मग निळा होत जातो. एकाच भिंतीची एकच सावली, आणि त्यात तीन दिवे.

मग हे आपल्याला एरवी दिसत का नाही? कारण मेंदूत ऑटो व्हाइट बॅलन्स कायमचा चालू असतो आणि तो बंद करायचं बटण नाही. पांढरा शर्ट ट्यूबलाइटखाली, बल्बखाली, उन्हात, झाडाखाली, सगळीकडे आपल्याला 'पांढरा' दिसतो. जगायला ही सोय फार चांगली आहे. पिकलेला आंबा सकाळी आणि संध्याकाळी वेगळा दिसला असता तर पंचाईत झाली असती. पण चित्र काढायला बसलं की हीच सोय आडवी येते. त्यावरचा स्वस्त उपाय म्हणजे करड्या पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं आणि त्यातून एका डोळ्यानं पाहायचं. भोकातून फक्त रंग दिसतो, वस्तू दिसत नाही. बर्फावरची झाडाची सावली अशी बघा. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास पुठ्ठा बाजूला करून खात्री करून घेतो, इतकी ती निळी असते.

आता कुणी म्हणेल, दिसली निळी तरी काळसर रंगवली तर काय बिघडलं? इथे मला सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा येतो. ट्यूबमधला पांढरा आणि ट्यूबमधला काळा यांच्या उजेडात जेमतेम पंचवीस-तीस पटींचा फरक असतो. भर उन्हातल्या दृश्यात तो हजारो पटींचा असू शकतो. म्हणजे डायनॅमिक रेंजच्या लढाईत चित्रकार सुरू होण्याआधीच हरलेला असतो. सूर्य रंगवण्याइतका उजळ रंग कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती कमतरता काळा-पांढरा ताणून भरायला गेलं की सावल्या शाई सांडल्यासारख्या दिसतात आणि ऊन खडूसारखं पांढुरकं होतं. इम्प्रेशनिस्ट मंडळींनी ती भरपाई रंगाकडून करून घेतली. उजेड कमी-जास्त करण्याऐवजी ऊन उबदार आणि सावली थंड. ही अदलाबदल बरोबर जमली की मधल्या उजळपणाचे दोन रंगही 'ऊन' म्हणून झगझगतात.

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मोनेची तीसहून अधिक तैलचित्रं आहेत. त्यात १८९१ सालच्या दोन सुड्या आहेत, एक सूर्यास्ताची आणि एक बर्फातली. इंग्रजीत लोक 'हेस्टॅक' म्हणतात, पण ती गवताची गंजी नाही, कापलेल्या गव्हाच्या पेंढ्यांची सुडी आहे. आपल्याकडे शेतीतल्या माणसाला हा फरक लगेच कळेल. जिव्हर्नीला मोनेच्या घराशेजारच्या शेतात त्या उभ्या होत्या. दोनच कॅनव्हास पुरतील, एक उन्हाचा आणि एक ढगांचा, अशा हिशेबानं तो गेला आणि प्रकाश इतका भराभर बदलत गेला, की घरून कॅनव्हासमागून कॅनव्हास मागवावे लागले, असं तो नंतर सांगत असे. शेवटी सुड्यांची पंचवीस-एक चित्रं झाली आणि त्यातली पंधरा मे १८९१ मध्ये पॅरिसला द्युराँ-रुएलच्या दालनात एकत्र लागली. शिकागोवाल्यांनी फुशारकी मारायला हरकत नाही, तुमच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सहा सुड्या आहेत.

त्याच वर्षी मोनेनं एप्ट नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांची मालिका केली. ती झाडं लिलावात निघाली होती. चित्रं पुरी होईपर्यंत झाडं तोडू नयेत म्हणून त्यानं लाकडाच्या व्यापाऱ्याला पदरचे पैसे दिले. बॉस्टनच्या लिला कॅबट पेरी नावाच्या चित्रकार बाई जिव्हर्नीला बरेच उन्हाळे त्याच्या शेजारी राहिल्या होत्या. त्यांनी १९२७ साली आठवणी लिहिल्या. त्यात आहे की यातल्या एका चित्रातला प्रकाश सात मिनिटंच टिकायचा; एका ठरावीक पानावरून ऊन सरकलं की मोने तो कॅनव्हास खाली ठेवून पुढचा उचलायचा. सात मिनिटं! आमच्या ऑफिसात तेवढ्या वेळात कॉन्फरन्स कॉलवर सगळे आलेत का हेही ठरत नाही. :-)

पेरीबाईंच्या आठवणींमुळेच मोनेची शिकवण अमेरिकेत बरीच माहीत झाली. समोर झाड आहे, घर आहे, हे विसरायचं आणि इथे निळ्याचा चौकोन, तिथे गुलाबी पट्टा, एवढंच बघायचं, अशा अर्थाचं तो त्यांना सांगत असे. ऐकायला सोपं आहे. पण 'विसरा' असं सांगून कुणी विसरत नाही, त्याला रियाज लागतो. तो रियाज बसवला तो मॅसॅच्युसेट्समधल्याच एका माणसानं, आणि या पद्धतीची माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगी बाजू आहे.

केप कॉडच्या अगदी टोकाला प्रॉव्हिन्सटाऊन नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथे चार्ल्स हॉथॉर्ननं १८९९ साली केप कॉड स्कूल ऑफ आर्ट सुरू केलं. गावाच्या तीन बाजूंना पाणी आणि खाली वाळू, त्यामुळे प्रकाश वरून पडतो तितकाच खालूनही उसळतो. हॉथॉर्न मॉडेलला समुद्रकिनारी डोक्यावर टोपी घालून सूर्याकडे पाठ करून बसवायचा आणि विद्यार्थ्यांच्या हातात ब्रशऐवजी लांबी भरायची पाती द्यायचा. पात्यानं डोळे-नाक काढताच येत नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता मातकट गोळा होतो, म्हणून त्या अभ्यासचित्रांना 'मडहेड' असं नाव पडलं. चेहरा नाही, पण ऊन पाठीवर आहे आणि तोंड सावलीत आहे हे बघता क्षणी कळतं. हॉथॉर्न १९३० साली गेला. मग त्याचा शिष्य हेन्री हेन्श यानं ती परंपरा चालवली, जवळजवळ १९९२ मध्ये मृत्यू होईपर्यंत. हेन्शनं त्याही पुढे जाऊन साधे लाकडी ठोकळे आणले. वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले ठोकळे टेबलावर उन्हात मांडायचे आणि पात्यानं रंगवायचे. बस्स.

आमच्या बाई याच घराण्यातल्या आहेत. (घराणं हा शब्द मी त्यांना समजावून सांगितला, त्यांना तो फार आवडला.) वर्गात येणाऱ्या माणसाच्या डोक्यात समुद्र, होड्या, लाल पानांची झाडं असं काहीबाही असतं आणि त्याच्यासमोर ठेवतात एक पिवळा ठोकळा, एक पांढरा, एक निळा. पद्धत अशी. डोळे किलकिले करून पाहायचं, म्हणजे बारकावे जातात. आधी फक्त दोन मुलुख ठरवायचे, उजेडाचा आणि सावलीचा. मग प्रत्येक पृष्ठभागाला एक रंग, तोही धीटपणे, बऱ्यापैकी भडक. पांढऱ्या ठोकळ्याची सावलीतली बाजू जांभळट आहे असा संशय आला तर सरळ जांभळाच लावायचा, नंतर तो दाबता येतो. मग दुसरी फेरी: हा रंग त्या रंगाच्या मानानं थंड की उबदार? टेबलाच्या सावलीपेक्षा ठोकळ्याची सावली लाल की हिरवी? एकटा रंग कधी तपासायचाच नाही, कायम शेजाऱ्याशी तुलना. पाऊण तास झाला की थांबायचं, कारण सूर्य हललेला असतो. दुसऱ्या दिवशी ढग असले तर तेच ठोकळे, नवा फलक. ढगाळ दिवशी सगळं उलटतं. उजेड थंड होतो आणि सावल्याच उबदार वाटायला लागतात. 'ऊन उबदार, सावली थंड' हे पाठ करून ठेवणाऱ्यांची तिथे फजिती होते, म्हणून बाई ते सूत्र वहीत लिहू देत नाहीत.

एक गैरसमज मात्र इथे निस्तरायला हवा. इम्प्रेशनिस्ट म्हणजे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी, आणि लांबून डोळ्यात त्यांचं मिश्रण, असं आपण बऱ्याच ठिकाणी वाचतो. ते खरं तर सेराचं तंत्र. मोने पॅलेटवर भरपूर रंग कालवायचा, त्यात पांढराही सढळ हातानं घालायचा. शेजार हा मुद्दा मात्र दोघांकडेही आहे आणि तो आला कापडाच्या कारखान्यातून. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही अशा तक्रारी यायच्या. त्यानं तपासलं तेव्हा रंगात खोट निघाली नाही. काळ्याशेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याचा काळेपणा मारत होते. यातूनच त्याचा १८३९ सालचा मोठा ग्रंथ झाला, शेजारचा रंग आपला रंग कसा बदलतो याबद्दलचा.

हे वाचताना मला येवल्याची धूपछाँव पैठणी आठवली. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरवा आणि लाल घेतला तर पदर हलेल तसा कधी हा वर येतो, कधी तो, आणि मधे एक असा तिसरा रंग चमकून जातो की तो कुठल्याच धाग्यात नसतो. तोच हिरवा आणि तोच लाल पॅलेटवर कालवून बघा, चिखल होतो. आणि रंगांची नावं तर आपल्याकडे अशी आहेत, की इथल्या रंगांच्या दुकानातला तक्ता फिका पडावा. पारवा, आमसुली, मोरपिशी, अंजिरी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, मळखाऊ. यातलं प्रत्येक नाव म्हणजे आधीच दोन-तीन रंगांचं मिश्रण आहे. 'राखाडी' म्हटलं की सावली मरते. 'पारवा' म्हटलं की त्यात निळा आहे, मानेवरचा हिरवा-जांभळाही आहे.

सामानाबद्दल विचारणा झाली होती, म्हणून थोडक्यात. आठ बाय दहा इंचाचे फलक. त्याहून मोठे पाऊण तासात पुरे होत नाहीत. ३७ मिलिलिटरच्या नळ्या: कॅडमियम पिवळा, कॅडमियम लाल, क्विनॅक्रिडोन गुलाबी (अस्सल अलिझरिन उजेडात उडतो), अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, आणि टायटॅनियम व्हाइटची मोठी नळी, कारण पांढरा सगळ्यात आधी संपतो. या नळीचा शोधही एका अमेरिकन माणसाचा. जॉन रँड या चित्रकारानं १८४१ साली कथलाची दाबायची नळी काढली. त्याआधी कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. रंग खिशात घालून शेतात जाणं सोपं झालं ते या नळीमुळे.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या, विशेषतः अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही; ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकली की ती उष्णता आत साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या अडतीस मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीला आग लागली, ती लाकूडकामाला वापरलेल्या अशाच फडक्यांमुळे. अग्निशमन दलाची तीन माणसं त्यात गेली. फडकी बाहेर सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आळस नको. आणि देशात रंगकाम करायला जाणाऱ्यांनी टर्पेंटाइन विमानात नेऊ नये, ते चालत नाही; तिकडे गेल्यावर घ्यावं. तिकडे गेल्यावर पॅलेटही बदलावा लागतो. डिसेंबरात दुपारी बारा वाजता बॉस्टनचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर असतो, रत्नागिरीचा जवळजवळ ५० अंशांवर. इथे सव्वाचारला सूर्य मावळतो आणि त्याआधी तासभर सगळं केशरी असतं. तिथे पांढरं ऊन डोक्यावर आणि सावल्या पायाखाली. इथल्या चित्रांवरून शिकलेला रंग तिथे जसाच्या तसा लावला तर देवगड नॉर्मंडीसारखं दिसेल.

गेल्या सप्टेंबरात आई इथे होती. मागच्या अंगणात पांढऱ्या कुंपणावर मेपलची सावली पडते, ती मी रंगवत होतो आणि ती खुर्ची टाकून बसली होती. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला झालं होतं, डाव्याचं राहिलं होतं. तिनं मधेच एक डोळा झाकला, मग दुसरा, असं दोन-तीनदा केलं आणि म्हणाली, "अरे, तू रंगवतोयस ती पारवी सावली या डोळ्यानं दिसते. त्या डोळ्यानं बघितलं तर मळखाऊ आहे." भिंग पिवळं पडत जातं तसं ते निळा-जांभळा अडवतं. इतकं हळूहळू, की मेंदू वर्षानुवर्षं हिशेब जुळवून घेत राहतो. दोन डोळ्यांमध्ये तुलना करता आली तरच कळतं.

मोनेचं हेच झालं होतं. १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं त्यानं करून घेतलंच नाही. त्याआधीच्या वर्षांतला जिव्हर्नीचा जपानी पूल बघा, तांबडा आणि तपकिरी, जवळजवळ पेटलेला. ऑपरेशननंतर त्याला रंगांचा इतका त्रास झाला, की रंगीत काचांचे चष्मे करून बघितले. डिसेंबर १९२६ मध्ये तो गेला आणि पुढच्या मे महिन्यात ओरँजरीत त्याची कमळं लोकांसाठी खुली झाली.

मी आईला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याचं ऑपरेशन झालं की हा रंग परत दिसायचा नाही." मी म्हटलं, नाही दिसणार. "मग याही डोळ्याचं काढ एक."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, दहा वाजता, दुसरा फलक लावला. ती उजवा डोळा तळहातानं झाकून बसली आणि सांगत गेली. कुंपण पांढरं नाही, जुन्या धोतरासारखं. सावलीत निळा नकोच, आमसूल भिजवल्यावर पाणी होतं तसं. आकाश एवढं गोड नको. मी अल्ट्रामरीन बाजूला ठेवून व्हिरिडियन आणि लाल घेतला, सगळ्यात थोडा पिवळा घातला. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ती मान हलवायची, "अजून. अजून थोडा मळका." एकदा झाकलेला हात काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि हसायलाच लागली. पाऊण तासाचं काम दीड तास चाललं, सूर्य हलला, आणि ती खुर्चीसकट सरकत राहिली. आमच्या बाईंना दोन्ही फलक दाखवले तर त्यांनी दुसराच जास्त वेळ हातात धरून ठेवला.

मार्चमध्ये पुण्याला तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर पहिला प्रश्न: "तो मळका वाळला का रे? कुणाच्या तरी हातानं पाठव." तैलरंग पुरता वाळायला वेळ लागतो, आणि पांढरा जाड लावलाय. जूनमध्ये कुणी पुण्याला जात असेल आणि बॅगेत आठ बाय दहाच्या सपाट खोक्याला जागा असेल, तर मला जरूर कळवा. वजन पाव किलोच्या आत आहे.

पुढच्या खेपेला पाणी आणि त्यातली प्रतिबिंबं.